हिराबायने लेखी खुलासा करावा

हिराबाय,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं.

श्रावणातला दुसरा शुक्रवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी तू मला फसवलंस. जिवंतपणी फसवत होतीस ते वेगळं. ते मी तुझ्या ओटीवर बसून, तुझाच चहा पिऊन, भांडून फेडून घेत असे. पण मरून दहावा दिवस उजाडलेल्या बाईनं खाडीकाठी, सगळ्या गावाच्या देखत एखाद्याला फसवावं? आणि तेही कुणाला हाताशी धरून? कावळ्याला!

ही तक्रार आहे. श्रद्धांजली वगैरे समजू नकोस. तुझ्याबद्दल गोड बोलणारे त्या दिवशी घाटावर पुष्कळ होते. त्यातले निम्मे तुझ्या शिव्या खाऊन मोठे झालेले.

आजच लिहायला बसले, कारण आज सकाळी तुझी नात प्राची दोन पिशव्या घेऊन माझ्या माजिवड्याच्या घरात दाखल झाली. आत्ता ती माझ्या स्वयंपाकघरात सुके बोंबील भाजते आहे. श्रावणात! "शिष्टर, तुमच्यात श्रावण नसतो ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तवा चढवला. नसतो, बाई, आम्हा ख्रिस्ती माणसांत श्रावण नसतो. पण माझ्या मजल्यावरच्या उरलेल्या तिन्ही घरांत असतो!

हे घर माझ्यासाठी काय आहे, ते तुला माहीत होतं. तीस वर्षं मी तुमच्या कांदळजू बेटावर नर्स होते आणि तीस वर्षं दुसऱ्याच्या घड्याळावर जगले. सरकारनं माझी ड्यूटी नऊ ते पाच अशी लिहिली होती. तुमच्या खाडीनं ती कधी वाचली नाही. भरती असली तर होडी, ओहोटी लागली तर ढोपरभर चिखल. कुणाच्या बाळंतवेणा नि कुणाचा ताप, सगळं पाणी बघून. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता पाणी बघायचं नाही. एक खोली, एक खाट, एक खुर्ची. खिडकीतून हायवेचा पूल दिसतो. त्या पुलावर काही चढत नाही की उतरत नाही, नुसत्या गाड्या जातात. मला ते फार आवडतं. दुसरी खाट मी मुद्दाम घेतली नाही.

मागच्या गौरीला बेटावर आले होते तेव्हा मीच तुला हे सांगितलं. तू विचारलंस, "येकटीच? मंग बोलतेस कुनाशी गो?"

"कुणाशीच नाही. तेच तर सुख!"

तू नुसती मान हलवलीस. तेव्हाच डोक्यात काहीतरी शिजायला घातलंस ना?

तुझा आणि माझा पहिला दिवस आठवतो? मी कशाला विसरेन! ठाण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कडक इस्त्री. होडीतून उतरले ती थेट चिखलात. धक्क्यावर अख्खं गाव उभं, आणि एकानं हात पुढं केला असेल तर शपथ. तू कमरेला पदर खोचून आलीस, काखेत हात घालून मला मुळ्यासारखी उपटलीस. एक बूट आतच राहिला. "ऱ्हाऊ दे," म्हणालीस. "खाडीनं ठेवून घेतला. आता तुला येवाच लागंल." मी त्या रात्री घरी जाऊन बदलीचा अर्ज लिहिला होता. मंजूर झाला नाही. त्यातही तुझाच हात असावा असा मला कित्येक वर्षं संशय होता.

आमच्या शाळेत सिस्टर म्हणजे नन. पायघोळ झगा, गळ्यात क्रूस. खोटं बोललं की त्या साबणानं तोंड धुवायला लावायच्या. मी त्यांच्यातली एक झाले नाही म्हणून माझी आई रडली होती. आणि तुम्ही लोकांनी मला पहिल्या आठवड्यातच शिष्टर करून टाकलं. तर ही साबणानं तोंड धुतलेली शिष्टर, आणि तिची सगळ्यांत जवळची बाई कोण? बेटावरची पहिल्या नंबरची लबाड!

पोलिओचा तो रविवार आठव. सगळी पोरं कांदळवनात चिंबोऱ्या धरायला पसार. मी डबा गळ्यात अडकवून रडकुंडीला आलेली. तू थाळी बडवत धक्क्यावर उभी राहिलीस आणि ओरडलीस, "साखरपुऱ्याची बुंदी वाटतान! बुंदी!" पाच मिनिटांत चिखलानं माखलेली सगळी पलटण हजर. प्रत्येकाच्या तोंडात दोन थेंब पडले. एक पोरगं भोकाड पसरून बुंदी मागायला लागलं, तर त्याला म्हणालीस, "पाक पातल झाला रे, म्हनून थेंब झालं."

लोहाच्या गोळ्यांचं तर मी फादरनाही कधी सांगितलं नाही. बायका गोळ्या नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यात टाकायच्या. मी समजावलं, रागावले, तक्ते दाखवले. तुझ्या स्वप्नात मात्र गावदेवी आली. लाल गोळ्या घाला म्हणाली! नवरात्रात रांग लागली उपकेंद्राबाहेर. मी तुला आत ओढून विचारलं, "देवीच्या नावानं खोटं? पाप लागेल, हिराबाय!" तू पदरानं घाम पुसत म्हणालीस, "पाप मना लागू दे. गोली त्यांना लागू दे."

तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल मला, नारळ मला. नारळ तू नेलास.

आणि तुझ्या पुतणीच्या हळदीला मी थांबणार नाही म्हटल्यावर मला ओहोटीची वेळ खोटी सांगितलीस! होडी चिखलात, मी मांडवात. दुसऱ्या दिवशीची तालुक्याची बैठक बुडाली आणि वरिष्ठांचं पत्र आलं: 'विनापरवानगी बैठकीस अनुपस्थितीबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' तू ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलंस. विचारलंस, "आनी खुलासा नाय केला तर?"

"तर तुमचं काही म्हणणं नाही असं समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

"म्हंजे बोलला नाय तं कबूल?"

"हो."

"बरा कायदा हाय," म्हणालीस. हा कायदा लक्षात ठेव. मला पुढं लागणार आहे.

आता मूळ गुन्ह्याकडं येते.

तू गेलीस ते मला आठव्या दिवशी कळलं. आठव्या! तुझ्या सुनेचा फोन आला, "शिष्टर, आये गेली. शुक्रवारी दहावा हाय." मी फोन हातात धरून खुर्चीवर बसले. पूल दिसत होता. गाड्या जात होत्या. म्हटलं, "सुनंदा, पाणी किती वाजता चढतं शुक्रवारी?"

डोंबिवलीच्या काठावरून होडीत बसले. बेट आता बेटासारखं राहिलेलं नाही, तुला सांगायला नको. निम्मी घरं बंद. लोक दिव्याला, कल्याणला खोल्या घेऊन गेलेत. खाजणातली भातशेती खाऱ्या पाण्यानं मेली. माझ्यानंतर उपकेंद्राला कुणी आलं नाही, आणि ज्या खोलीत मी तुमची दोनशे-अडीचशे पोरं जगात आणली, तिथं आता बकऱ्या वितात. चला, खोली कामात आहे!

घाटावर तुझा बाळाराम मुंडण करून बसलेला. डोंबिवलीहून आणलेले भटजी, मनगटावर मोठं घड्याळ, नजर सारखी पाण्याकडं. पिंड ठेवला. कावळे समोरच्या कांदळावर बसलेले, चोची पुसत. एकही खाली येईना.

बाळाराम हात जोडून म्हणाला, "आये, घराच्या वाटन्या करनार नाय!"

कावळा ढिम्म.

"आये, गावदेवीचा मान दरसाल देईन!"

कावळ्यानं पाठ फिरवली. मागून तुझा कुणीतरी दीर म्हणाला, "जित्तेपनी तंगवलान, मेली तरी तंगवते." लोक हसले. तुझ्या दहाव्याला लोक हसले, हिराबाय, आणि मला त्यांचा रागही आला नाही. तूच सगळ्यांत मोठ्यानं हसली असतीस.

भटजी म्हणाले, "मंडळी, पाणी उतरायला लागलंय. होडी बसली चिखलात तर माझी पलीकडची वास्तुशांत राहील. दर्भाचा कावळा करतो, शिववून टाकू."

तेव्हा सुनंदा पुढं झाली. डोक्यावरून पदर, खाली मान. वाकून पिंडाखालचं पान नीट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आये, प्राची शिकंल! लग्नाची घाई करनार नाय. शिष्टरच्या घरी राहून नर्सचं शिकंल. शिष्टर सांबालतील तिला!"

तिचा हात मागं येतो न येतो तोच कावळा खाली. एक नाही, तीन!

अख्खं गाव माझ्याकडं वळलं. बाळाराम माझ्या पायांवर. रडत होता गडी. "शिष्टर, आयेनं माझी पोर तुमच्या वटीत घातली." अगं, हाच बाळाराम महिनाभरापूर्वी प्राचीचं दिव्याच्या एका मुलाशी ठरवून आला होता. मुलाची स्वतःची खोली आहे म्हणे. खोलीत नळ आहे. नळाला पाणी नाही. पोरगी रडून रडून अर्धी झाली होती. कॉलेज ठाण्यात, सकाळची हजेरी, आणि बेटावरून होडी कधी सुटेल हे खाडी ठरवणार. ठाण्यात राहायला जागा नाही, म्हणून शिक्षण नाही, म्हणून लग्न. एवढं सरळ गणित होतं त्याचं.

मी तोंड उघडलं. "पण मला कुणी विचारलं का..."

"झालं, झालं, आत्मा शांत झाला!" भटजी ओरडले. "चला, पाणी!"

परतीच्या होडीत सुनंदा मला पोचवायला आली. शेजारी बसली. आणि मला वास आला. श्रावण, त्यात तुमच्याकडं सुतक, आठ-दहा दिवस बेटावर कुणाच्या घरी मासळी शिजलेली नाही, आणि या बाईच्या बोटांना सुक्या मांदेलीचा वास!

"सुनंदा. हात दाखव."

तिनं मूठ पदरात लपवली. मग हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "आयेनंच सांगलेलं, शिष्टर. म्हनाली, माझं कावलं भातावर यायचं नाय. पयले पोरांना बोलू दे. मंग शिष्टरचं नाव घे, आनी पानाखाली मांदेलीची मुंडी सरकव."

तुझे कावळे! रोज धक्क्यावर बसून मासळी साफ करताना त्यांना मुंड्या फेकून फेकून तूच लाडावलेस. साध्या भाताकडं ते कशाला बघतील? आणि श्रावण लागल्यापासून उपाशी. तू हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या जुळवलंस. कुठला महिना असेल, कोण कधी बोलेल, मी कुठं उभी असेन. वा! कावळ्याला लाच द्यायला सवड होती. मला एक फोन करायला नव्हती?

मी सुनंदाला हेच विचारलं. ती खाडीकडं बघत म्हणाली, "आये म्हनायची, शिष्टरला कलवू नका. ती मना हास्पिटलात नेल. मना हितंच ऱ्हाऊ दे, पानी दिसंल असं."

हो, नेलंच असतं! फरफटत नेलं असतं. मागच्या गौरीला लुगड्याखाली पाय घेऊन बसली होतीस, सुजलेले पाय. मी म्हटलं, पाय बाहेर काढ. तर म्हणालीस, गौर बसलीय, पाय कसे पसरू? देवीला पुन्हा पुढं केलंस! तीस वर्षं मी या बेटावर प्रत्येक बाईचे पाय दाबून बघितले, बोट रुततं का ते बघितलं, आणि तुझेच पाय तू मला दाखवले नाहीस. तुझं मरण तुझं, तुला हवं तिथं मरायचा हक्क होता, मान्य. पण मला भांडायचा हक्क नव्हता? एकदा येऊन, खाटेशेजारी बसून, तुला चार शिव्या द्यायचा? हात धरायचा? कदाचित मी हरलेही असते. तुझ्यापुढं मी जिंकले कधी?

असो. रडत नाहीये. बोंबलाचा धूर आहे.

मी मनात पक्कं केलं होतं की बाळारामला सगळं खरं सांगायचं. हा कावळा लाचखाऊ होता, हे वचन माझं नव्हतं. का नाही सांगायचं? सुनंदाचा घात झाला असता हे खरं, आणि बाळारामनं पोरीला सरळ दिव्याला उजवली असती. तरी पण खोटं ते खोटं! या शनिवारी कन्फेशनला गेलेच नाही. फादरना काय सांगू? फादर, एका कावळ्यानं मांदेली खाल्ली आणि मी गप्प बसले?

काल रात्री बाळारामचाच फोन आला. दिव्याचे लोक ऐकत नव्हते, चार माणसं त्याला डिवचत होती. आवाज पडला होता. "शिष्टर, तुमी खोटं बोलत नाय, म्हनून विचारतो. ही खरंच आयेची इच्छा होती ना?"

हिराबाय, त्यानं दोनदा हॅलो हॅलो केलं. साबणाची चव आली तोंडात, अगदी शाळेतली. आणि मग लख्ख लक्षात आलं, हा कावळ्याबद्दल विचारतच नाहीये! तो तुझ्या इच्छेबद्दल विचारतोय. ती तर खरीच होती. शंभर टक्के तुझी. कावळ्यालासुद्धा तुझ्यापुढं स्वतःची इच्छा नव्हती.

म्हटलं, "बाळाराम, तुझी आई आयुष्यात तिच्या मनात नसलेली एक तरी गोष्ट कुणाला करू द्यायची का?"

तो म्हणाला, "नाय." नाक ओढलं. "सकालच्या पान्याला पोरीला पाठवतो."

अशी तुझी नात इथं आली. आल्या आल्या खुर्चीवर पिशव्या, खाटेवर दप्तर. मी बसू कुठं? बोंबलाच्या वासानं सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "ताई, श्रावण आहे हो!" मी माफी मागणार, तेवढ्यात ही मागून म्हणाली, "काका, शिष्टरच्या गुडघ्यांना लावायचा लेप आहे. डॉक्टरांनी सांगितलाय." सेक्रेटरींनी माझ्या गुडघ्यांकडं कळवळून बघितलं आणि गेले!

मी तिला मोरीत नेऊन साबण दाखवला. "या घरात खोटं चालणार नाही. समजलं?"

"हो, शिष्टर," म्हणाली. "पण लावून तर बघा. बरं वाटंल."

कुणाचं रक्त, ते विचारायला नको.

तर हिराबाय, आता लेखी खुलासा कर. कावळ्याचा नको, तो मला कळला. मला का बोलावलं नाहीस, याचा. पाणी बघत जायचं होतं तर मीही शेजारी बसून पाणी बघितलं असतं. मी दुसरं केलं काय तीस वर्षं? मुदत सर्वपित्री अमावास्येच्या सकाळपर्यंत. अंगठा चालणार नाही. तुला सही येते, मी शिकवली आहे, आणि ती शिकवताना तू माझी तीन पेनं मोडलीस. त्या सकाळी मी, फिलोमिना, वसईच्या आजीची नात, रोज प्रार्थना म्हणणारी बाई, माझ्या गॅलरीच्या कठड्यावर मांदेलीची मुंडी ठेवणार आहे. सेक्रेटरींना काय सांगायचं ते प्राची बघेल. कावळा आला तर त्याच्याजवळ चिठ्ठी दे. रिकाम्या चोचीनं आला तर मुंडी मिळणार नाही.

आणि वचन म्हणशील तर देते. तुझ्या त्या भ्रष्ट कावळ्याला नाही, तुला. पोरगी शिकेल. सकाळच्या हजेरीला वेळेवर जाईल. तिला मी नाडी बघायला शिकवीन, पायाची सूज बघायला शिकवीन, आणि लुगड्याखाली पाय लपवून बसलेल्या म्हाताऱ्यांकडून ते बाहेर कसे काढून घ्यायचे, तेही. त्यासाठी थोडं खोटं बोलावं लागलं, तर ते तिला शिकवायची गरज नाही.

मुदतीत खुलासा न आल्यास तुझं काही म्हणणं नाही असं समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. दुसरी खाट उद्या येते आहे.

तुझ्यावर अजून रागावलेली,
शिष्टर
माजिवडा, ठाणे